खाड्यांची वही आणि पंच्याऐंशी हजारांचा क्लास

पत्र

ताई, मी ३७ वर्षांची, बी.कॉम. झालेली. पुण्यात नारायण पेठेत आमची मेस आहे. सासूबाईंनी सुरू केलेली, अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. ११० मेंबर, बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुलंमुली, शिवाय वीस-पंचवीस पार्सलं. सगळा हिशेब वहीत. रोजची भांडणं खाड्यांवरून. सलग तीन दिवसांचा असेल तरच खाडा धरायचा आणि आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं, असा आमचा नियम आहे, पण ऐकतं कोण!

दोन वर्षं एक कल्पना डोक्यात घोळतेय. पेठांमधल्या सगळ्या मेसचं मिळून एकच ॲप. मुलांनी त्यावर आजची भाजी बघावी, मेस निवडावी, खाडा टाकावा, पैसे भरावेत. एका कंपनीला विचारलं तर साडेतीन लाख सांगितले, त्यातले सव्वा लाख आधी. तेवढे नाहीत. मग वाटलं, आपणच कोडिंग शिकावं. जवळच एका क्लासचा सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक' कोर्स आहे. फी ८५ हजार, हप्ते पाडून देतात, नोकरीची हमी. मिस्टर म्हणतात, या वयात हे काय खूळ. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, मामी, आता एआय सगळं लिहून देतं, शिकायची गरजच नाही.

शिकू की नको? कुठली भाषा? किती दिवस लागतील? आणि कुणाला दाखवलं तर कल्पना चोरीला जाईल का?

— वहीला कंटाळलेली

उत्तर

वहीला कंटाळलेल्या मैत्रिणीस,

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. शिका. क्लासला ८५ हजार भरू नका. आणि सगळ्या मेसचं ते ॲप तूर्त डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवा.

कल्पनेवर तुम्ही चार-पाच ओळी लिहिल्यात आणि खाड्यांवर दीड. मला ती दीड ओळच जास्त मोलाची वाटली. (पुण्यात कधी मेसमध्ये न जेवलेल्या वाचकांसाठी: महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, गावाला जाणार असाल तर आधी सांगायचं, तेवढी जेवणं पुढे सरकतात. या न जेवलेल्या जेवणाला खाडा म्हणतात. मेसमालक आणि मेंबर यांच्यातलं जगातलं सर्वांत जुनं भांडण.)

तुमचाच नियम घेऊ. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला एक मुलगा येतो. "काकू, गावाला चाललोय, शनिवार-रविवार-सोमवार नाहीये." तीन दिवस सलग, आठच्या आत सांगितलंय. खाडा धरला. जेवणं किती? घाईत कुणीही सहा म्हणेल. पण पेठेतल्या बहुतेक मेसप्रमाणे तुमचीही रविवारी संध्याकाळी बंद असणार. म्हणजे पाच. बरं, हाच मुलगा सोमवारी दुपारच्या गाडीने परत आला आणि रात्री ताटावर येऊन बसला तर? आता तीन दिवस पुरे झाले नाहीत. मग शनिवार-रविवारचे खाडेही गेले का? की फक्त सोमवार रात्रीचा? आणि मुळात महिन्याचं कार्ड म्हणजे किती जेवणं? तीस दिवसांची साठ, त्यातून चार रविवारच्या संध्याकाळी वजा केल्या की छप्पन्न. रविवार पाच आले तर पंचावन्न. मेंबर छप्पन्नचे पैसे भरतो की तीस दिवसांचे?

आज या प्रश्नांची उत्तरं कोण देतं? सासूबाई. कशाच्या आधारावर? तोंड बघून. जो पोरगा एक तारखेला पैसे आणून ठेवतो आणि ताटात काही टाकत नाही, त्याचा दोन दिवसांचाही खाडा धरला जातो. जो दर शुक्रवारी नवीन आजी आजारी पाडतो त्याला "नियम म्हणजे नियम" ऐकावं लागतं. यात काही वावगं नाही, धंदा असाच चालतो. फक्त कॉम्प्युटरला तोंड बघता येत नाही. त्याला सगळं आधीच सांगून ठेवावं लागतं: असं झालं तर हे कर, तसं झालं तर ते कर, आणि यातलं काहीच नसेल तर काकूंना विचार.

कोडिंग हेच असतं. कंस आणि अर्धविराम कुठे द्यायचे ते महिन्याभरात बोटांना कळतं. सोमवारी रात्री परत आलेल्या मुलाचं काय करायचं, हे मात्र कुठलाच क्लास शिकवणार नाही, आणि साडेतीन लाख घेणारी कंपनीही तुम्हालाच विचारणार. विचारलं नाही तर जास्त वाईट. मग ती स्वतःच काहीतरी ठरवेल आणि तुम्हाला ते एक तारखेला, दारात वीस मुलं उभी असताना कळेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण माझी फजिती झालेली आहे. नाशिकला मी घरपोच वाचनालय चालवायचे. फोनवर मागणी घ्यायची आणि एक मुलगा सायकलवरून पुस्तकं पोचवायचा. चाळिशीला आल्यावर मला वेबसाइटचा किडा चावला. आठ महिने रात्री जागून शिकले आणि बांधली. लॉगिन, पासवर्ड विसरला तर दुसरा, पुस्तकांना तारे देण्याची सोय, 'तुम्हाला हेही आवडेल', सगळं होतं. सभासदांना पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पहिल्या महिन्यात नऊ जणांनी उघडली. बाकीचे फोनच करत राहिले, कारण त्यांना पुस्तक हवं होतंच, पण त्याआधी माझ्याशी दहा मिनिटं बोलायचं होतं. हे मला आठ महिने आधी माहीत होतं. मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी पहिली पायरी ॲप नाही, वेबसाइटही नाही. एक गुगल फॉर्म आणि त्याच्यामागे एक गुगल शीट. दोन्ही फुकट. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न: कार्ड नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. त्याचा क्यूआर कोड छापून काउंटरवर, पैशाच्या क्यूआरशेजारी चिकटवा. मुलं स्कॅन करतील आणि खाडा टाकतील. प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का आपोआप पडतो. 'काकू, मी सांगितलं होतं' या वाक्याला पहिल्यांदाच पुरावा मिळेल, आणि तो दोन्ही बाजूंनी चालेल.

इथे नाव नको, कार्ड नंबरच हवा, यामागे कारण आहे. एकच मुलगा एकदा 'प्रथमेश पाटील' लिहील, पुढच्या वेळी 'पाटील प्रथमेश', तिसऱ्यांदा इंग्रजीत. शीटला ती तीन माणसं वाटतील. शिवाय पेठेतल्या ११० मेंबरांत पाटील किती, ते तुम्हीच मोजा. नंबर एकच राहतो. त्यातही एक मेख आहे: मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला '१२' जावास्क्रिप्टला (ही कोडिंगची एक भाषा, तिच्याबद्दल पुढे सांगते) आकडा वाटतच नाही, ती त्याला नुसती अक्षरं समजते. त्यामुळे एक तर मुलांना यादीतून नंबर निवडायला लावा, नाहीतर मराठी आकडे बदलून घेणाऱ्या चार ओळी लिहायला शिका. तो तुमचा पहिला गृहपाठ धरा. हसण्यासारखा वाटेल, पण भल्याभल्या वेबसाइटा आजही इथे अडखळतात.

आता भाषा. जावास्क्रिप्ट घ्या. पायथन सोपी आहे, छान आहे, तिचे गोडवे तुम्ही ऐकले असतील. मलाही ती जास्त आवडते. पण गुगल शीटच्या पोटात, शीटकडून आपोआप कामं करून घेणारी, ॲप्स स्क्रिप्ट म्हणून जी सोय आहे ती जावास्क्रिप्टवर चालते, आणि उद्या वेब पान बांधायचं झालं तर ब्राउझरलाही तीच कळते. एक शिकलं की दोन्हीकडे चालेल. घाण्याला जुंपल्यासारखी भाषांची तुलना करत बसू नका. त्यात लोकांची वर्षं जातात आणि एकही ओळ लिहून होत नाही.

ॲप्स स्क्रिप्टला पहिलं काम एकच द्या. रोज रात्री आठनंतर उद्याचा आकडा काढायचा आणि तुम्हाला ईमेल करायचा: 'उद्या दुपारी ९४, रात्री ८८.' बस. (वेळ आठची लावलीत तरी तो आठ ते नऊच्या मध्ये कधीतरी पाठवतो. गुगलची तशीच रीत आहे, घाबरू नका.) हा आकडा तुम्हाला चिल्लर वाटेल. पण पोळ्यांच्या मावशींना विचारा. ११० ऐवजी ९४ जण असतील आणि माणशी चार पोळ्या धरल्या, तर चौसष्ट पोळ्या कमी. पावणेदोन-दोन किलो कणीक झाली ती. सकाळी सहाला परातीत किती पीठ घ्यायचं हे आदल्या रात्री कळणं, हा तुमच्या कल्पनेतला असा भाग आहे की ज्याला आजच पैशांत किंमत आहे. महिन्याभराने वाया गेलेल्या पोळ्या मोजा आणि तो आकडा मिस्टरांना दाखवा. वयाचा मुद्दा बहुधा तिथेच मिटेल, म्हणून त्यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

शीटमध्ये एक रकाना मात्र आठवणीने ठेवा: 'काकूंनी धरला'. नियमात बसत नाही पण सासूबाईंनी सूट दिली, अशा खाड्यांसाठी. नवशिके नेमका हा रकाना ठेवत नाहीत. त्यांना वाटतं, सगळं नियमात बसवलं की झालं. मग पहिल्याच आठवड्यात घरातली वडीलधारी व्यक्ती यंत्रावर रुसते आणि वही परत बाहेर येते. सहा महिन्यांनी तो रकाना चाळून बघा. सूट कुणाला आणि का दिली जाते, यात एखादा न लिहिलेला नियम सापडेल. सापडला तर कोडमध्ये घाला, नाही सापडला तर सूट म्हणून राहू द्या.

घड्याळाचंही बघून घ्या. माझ्या वाचनालयात नियम होता, दुपारी १२ पर्यंत मागणी आली तर पुस्तक त्याच दिवशी पोचेल. वेबसाइट सुरू झाली आणि दुपारी चार-साडेचारला आलेल्या मागण्यांनाही 'आज पोचेल' असं उत्तर जायला लागलं. सायकलवाला मुलगा दोनलाच निघून गेलेला. मी दोन दिवस कोडची प्रत्येक ओळ वाचत होते आणि कोडमध्ये काही चूकच नव्हती. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याचे बारा वाजायचे तेव्हा नाशिकला साडेपाच झालेले असायचे. तेव्हा शीटच्या आणि स्क्रिप्टच्या, दोन्ही सेटिंगमध्ये जाऊन वेळ भारताची आहे ना ते तपासा. नाहीतर तुमची रात्री आठची मुदत पहाटे दीडला संपेल, आणि पेठेतली मुलं तेव्हा जागी असतात.

कुठे शिकायचं? फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच लिहून बघता येतं. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्सही फुकट बघायला मिळतो. तो जरा दमवतो, पण डेव्हिड मॅलन शिकवतात ते बघण्यासारखं आहे. पहिले दोन-तीन धडे तरी बघाच. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे बरेच धडे मराठीतून आहेत. लॅपटॉप लागेल, मोबाइलवर कोडिंग शिकणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. जुना, वापरलेला चालेल.

वेळेचं म्हणाल तर दुपारचं आवरून झाल्यावर साडेतीन ते पाच हा मेसमध्ये निवांत काळ असतो, बरोबर ना? त्यातला एक तास रोज. माझ्या अंदाजाने तीन-चार महिन्यांत खाड्यांचा हिशेब स्वतः लिहिलेल्या कोडवर चालू लागेल. दुसऱ्या मेसवाल्याला वापरायला देण्याइतकं पक्कं व्हायला वर्ष धरा. 'तीस दिवसांत ॲप डेव्हलपर' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. आणि लाल अक्षरांत एरर आली की खिडकी बंद करायची नाही, ती वाचायची. त्यात ओळीचा नंबर दिलेला असतो. मी पहिले दोन महिने तो नंबर बघतच नव्हते, शिक्षा वाचल्यासारखी घाबरून जायचे. वहीत बेरीज चुकली की तुम्ही कशा ओळीवर बोट ठेवून वर जाता, तसंच करायचं.

भाच्याचं निम्मं बरोबर आहे. एआयला 'मेसच्या खाड्यांचा हिशेब करणारी स्क्रिप्ट लिहून दे' म्हणालात तर अर्ध्या मिनिटात लिहून देईल, आणि ती दिसायला माझ्यापेक्षा नीटनेटकी असेल. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे तुम्ही सांगितलं नाहीत तर त्याला ते माहीत असायचं कारण नाही. ते बिनधास्त सहा जेवणं मोजेल. तुम्हाला कोड वाचता येत असेल तर ती ओळ दिसेल. येत नसेल तर दिसणार नाही, आणि एक तारखेला मुलं दाखवतील. तेव्हा वापरा, जरूर वापरा. मी रोज वापरते. फक्त दोन पथ्यं पाळा. लिहून दिलेली प्रत्येक ओळ त्यालाच विचारून समजून घ्या, न समजलेली ओळ शीटमध्ये चिकटवू नका. आणि मेंबरांची नावं, फोन नंबर त्यात टाकू नका. खोटी पाच नावं बनवून काम भागतं. लोकांची माहिती सांभाळण्याबद्दल आपल्याकडे २०२३ पासून कायदाही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी पोरींचे नंबर आहेत ते, इकडेतिकडे जाता कामा नयेत.

क्लासबद्दल. नोकरीची हमी तुम्हाला कशाला हवी? तुम्हाला नोकरी करायचीच नाहीये. तो कोर्स नोकरीच्या मुलाखती पास होण्यासाठी बेतलेला असतो, त्या मुलाखतीत खाडे विचारत नाहीत. शिवाय 'हप्ते पाडून देतो' म्हणजे पुष्कळदा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. तिसऱ्या महिन्यात पोळ्यांच्या मावशी रजेवर गेल्या आणि क्लास सुटला, तरी हप्ता सुटत नाही. सहीपूर्वी कागद वाचला नसेल तर वाचा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

साडेतीन लाखवाल्यांना मी लबाड म्हणणार नाही. नीट ॲप बांधायला तेवढे लागू शकतात. पण ॲप बांधून संपत नाही, ते पोसावं लागतं. अँड्रॉइड बदललं की दुरुस्ती, काही बंद पडलं की दुरुस्ती, प्रत्येक वेळी त्यांना फोन आणि प्रत्येक वेळी बिल. उद्या कधी कुणाला काम दिलंतच तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या आणि कोड तुमच्या ताब्यात राहील असं लिहून घ्या. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, मग फोन उचलणं बंद केलं, अशी पत्रं माझ्याकडे दर दोन महिन्यांनी येतात.

प्ले स्टोअरवर ॲप टाकायचा हट्ट तर सध्या धरूच नका. खात्याची फी एकदाच भरायची पंचवीस डॉलर, ती काही फार नाही. पण नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी बारा जणांनी सलग चौदा दिवस ॲप तपासून बघावं लागतं, मग परवानगी मागता येते. ॲपलचे दर वर्षी नव्याण्णव डॉलर. एवढं करून पोरं ॲप टाकतीलच असं नाही; त्यांच्या फोनमध्ये जागा नसते. क्यूआर स्कॅन करून उघडणाऱ्या पानाला जागा लागत नाही.

पैसे भरायची सोयही स्वतः बांधू नका. यूपीआयचा क्यूआर तुमच्याकडे आहेच, त्याला काही लागत नाही. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी मधली कंपनी) घेतलात तर तो साधारण दोन टक्के कापणार आणि वर जीएसटी. तुम्हाला जे बांधायचंय ते वेगळंच आहे. मुलं 'पैसे पाठवले' म्हणून स्क्रीनशॉट दाखवतात ना? तो जुना असू शकतो, बनवलेलाही असू शकतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. फॉर्ममध्ये तो मागा आणि बँकेच्या उताऱ्याशी स्क्रिप्टने जुळवून घ्या. हा तुमचा दुसरा प्रकल्प. खाडे मार्गी लागल्याशिवाय याला हात लावायचा नाही.

आता कपाटातली मोठी कल्पना. तिच्यासाठी एक खरी गोष्ट सांगते. पुढे रेडबस ही बसची तिकिटं विकणारी कंपनी काढणाऱ्या फणींद्र सामा यांना २००५च्या दिवाळीत बंगळूरहून घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. ते आणि त्यांचे मित्र इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, सॉफ्टवेअर त्यांचं क्षेत्र नव्हतं. ते त्यांनी शिकून घेतलं आणि बसमालकांसाठी सीटांचा हिशेब ठेवणारी सोय बांधली. मालकांना ती नको होती. त्यांचं वहीवर आणि फोनवर भागत होतं. मग यांनी उलटं केलं, मालकांकडून थोड्या सीटा विकायला मागून घेतल्या. सीट विकून देतो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? २००६ मध्ये रेडबस सुरू झाली ती अशी, आणि २०१३ मध्ये इबिबो या कंपनीने ती विकत घेतली.

तुमचे बसमालक म्हणजे समोरच्या गल्लीतल्या मेसच्या काकू. त्या त्यांच्या मेंबरांचा आकडा तुम्हाला देतील? तुम्ही द्याल? आजची भाजी काय ते सकाळी दहाला ॲपवर टाकतील, की मंडईत जे स्वस्त मिळेल ते आणून साडेअकराला फळ्यावर लिहितील? तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना 'सगळ्या मेसचं ॲप' नको असणार. पण 'उद्या किती पोळ्या' हा आकडा त्यांनाही हवा असेल. तुमच्या मेसमध्ये शीट तीन महिने बिनभांडणाची चालली की ओळखीच्या एकाच मेसवालीकडे जा, तिची शीट स्वतः लावून द्या आणि महिन्याला दोन-तीनशे रुपये मागा. फुकट देऊ नका. फुकट दिलेल्याला सगळे 'छान आहे हो' म्हणतात आणि वापरत नाहीत. तिने दुसऱ्या महिन्याचे पैसे न मागता दिले, तर कपाट उघडू या.

कल्पना चोरीला जाण्याची भीती सोडा. पेठेतल्या मेसमध्ये जेवून इंजिनिअर झालेल्या किती मुलांना हेच सुचलं असेल! कुणी केलं नाही, कारण त्यांना खाडा टाकणं ठाऊक आहे, खाडा धरणं ठाऊक नाही. ते ठाऊक असलेल्या दोनच व्यक्ती तुमच्या घरात आहेत.

त्यातली दुसरी व्यक्ती म्हणजे सासूबाई. त्यांना यातून वगळलंत तर हे सगळं आठवड्यात बंद पडेल, आणि बंद पाडायला त्यांना काही करावंही लागणार नाही. वही त्यांची आहे. ती काढून घ्यायला निघालोय असं वाटू देऊ नका. पहिले दोन महिने वही आणि शीट दोन्ही चालू ठेवा. रोज रात्री दोन्हींचे आकडे जुळतात का बघा. जुळले नाहीत तर सुरुवातीला वहीच बरोबर असेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

या रविवारी संध्याकाळी मेस बंद असेल तेव्हा लॅपटॉप काढू नका. गेल्या तीन महिन्यांच्या वह्या घ्या, चहा टाका आणि सासूबाईंजवळ बसा. ज्या ज्या खाड्यावरून भांडण झालं तो दाखवत जा आणि विचारा, इथे तुम्ही काय ठरवलं होतं, का ठरवलं होतं. त्या सांगतील ते एकाखाली एक लिहून काढा. वीसेक ओळी होतील. तुमच्या प्रोग्रामचा अवघड भाग तोच, आणि तो मराठीत लिहून तयार असेल. आणि तीन दिवसांत बंद संध्याकाळचा रविवार पूर्ण दिवस धरायचा की अर्धा, यावर सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळवा. मी गेले चार दिवस विचार करतेय, माझं काही ठरत नाही.